भिंतीएवढा पडदा

पेपरात छापून आलं होतं, ‘म्युझियमच्या कार्यक्रमाकडे तांड्याची पाठ’. खाली बारीक अक्षरात, कापसाच्या भावावरून गोरमाटी (बंजारा) समाजाने मूक निषेध नोंदवला म्हणे. माझ्या पोरीनं, गझालानं वाचून दाखोलं तवा हसावं का रडावं तेच मले समजे ना. पाठ केली हे खरं. पण निषेध? कायचा निषेध अन् कायचं काय! त्या दिवशी जे झालं त्यात कापसाच्या भावाचा काडीचा संबंध नव्हता. सारी चूक एका शब्दाची होती, अन् तो शब्द माझ्या तोंडून गेलता. माझ्यापाशी कोणी इचाराले आलं नाई, म्हणून मीच सांगते.

मी रहमतबी. दिग्रसात राहते, चुड्या भरते. टोपलं घेऊन तांड्यातांड्यावर फिरते. बाईचा हात हातात घेतला की बाई बोलाले लागते, असा माझा तीस वर्षांचा अनुभव हाय. धनीबाईचा हात मात्र धरायची गरज नव्हती. मी फाट्यावर दिसली की ती तिथूनच सुरू होई.

धनीबाई म्हणजे मोहतांड्याच्या प्रेमसिंगची बायको. दिग्रसपासून दोन कोसांवर तांडा. अंगात काचा जडवलेली कांचळी, खाली घेरदार फेटिया, डोक्यावर टुकरी, म्हणजे त्याइची ओढणी. अन् जीभ अशी, की जिनिंगवाल्याच्या माणसानं एकदा तिच्या कापसात हात घालून ‘ओला हाय’ म्हणलं, तं तिनं मूठभर कापूस त्याच्या गालावर घासला. ‘सांग आता, तुझ्या गालापेक्षा कोरडा हाय का नाई?’ तो बिचारा गाल पुसत बसला. तलाठी तिच्या घरासमोर सायकलवरून उतरत नसे. तिचा नवरा प्रेमसिंग दिवसातून चार शब्द बोले, अन् त्यातले दोन ‘हाव’ असत.

ती सालंच तशी वाईट होती. कापसानं साऱ्या मुलखाचं तोंड पांढरं केलं होतं. दर आठ दिवसाले कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन येई. एक टीव्हीवाला धनीच्या वावरात गेला अन् म्हणे, मावशी, जरा रडून दाखवा. ही म्हणे, ‘बाप्पू, मले जमत नाई. तू आधी रडून दाखव, मी पाहून शिकते.’ तो जो गेला तो पुन्हा आला नाई.

अशी ही बाई एका माणसासमोर मुकी होती. तो म्हणजे लालसिंग. प्रेमसिंगचा मोठा भाऊ, म्हणजे तिचा जेठ, अन् तांड्याचा नायक. गोरमाटी बाई जेठाले तोंड दाखोत नाई, त्याच्याशी बोलत नाई. आताच्या पोरी ढिल्या झाल्या, पण धनीचं काम पक्कं होतं. लालसिंग अंगणात आला की हिचा घुंगट हनुवटीच्या खाली. काही सांगायचंच असलं तं ती म्हशीले सांगे. ‘ए म्हशी, इहिरीवरची मोटर बंद पडली, कोणी पाहीन का?’ लालसिंगही शहाणा. तोही म्हशीलेच म्हणे, ‘सांग, दुपारी पाहतो.’ म्हैस दोघांच्या मधात रवंथ करे. ती म्हैस विकली तवा घरात आठ दिवस निरोपच गेला नाई. मंग त्याइनं पडवीचा खांब धरला.

हसू नका. त्याच्यामागं गोष्ट हाय. धनी नवी नवरी होऊन आली तवा वर्षाच्या आत सासूशी दहा झगडे झाले. सासूनं पंच बसोले. पोरगी तोंडाळ हाय, माहेरी नेऊन घाला म्हणे. धनीच्या बापानं मान खाली घातली. तवा लालसिंग उभा राह्यला. पंचवीस-सव्वीसचा असंन. म्हणे, ‘मी त्याच घरात राहतो. मी तिचा एक शब्द ऐकला नाई, तिचं तोंड पाह्यलं नाई. जिची लाज एवढी पक्की, तिले तोंडाळ कोण म्हणते?’ पंच उठले. धनी राह्यली.

आता बोला! साऱ्या तांड्यात फक्त त्यालेच तिची जीभ माहीत नव्हती. का माहीत होती अन् त्यानं कान मिटून घेतलते, ते अल्ला जाणे.

धनीनं मात्र ते काळजात ठुलं. एकदा चुड्या भरता भरता मले म्हणे, ‘रहमत, त्यानं माझ्यासाठी पंचात जबान देली. ज्या दिवशी माझं तोंड त्याले दिसन त्या दिवशी ती जबान खोटी. मंग मी त्या घरात कोणत्या तोंडानं राहू?’ असं म्हणताना ती जराही हसली नाई. त्या गोष्टीले चौतीस वर्षं होत आलती तवा.

आता म्युझियमचं सांगते. आमच्या नगरपालिकेनं जुन्या सरकीच्या गोदामात म्युझियम काढलं. नागपूरच्या मोठ्या म्युझियमले लोक अजबबंगला म्हणतात, म्हणून आमचा झाला छोटा अजबबंगला. आत एक मोठा तराजू, दोन दगडी मूर्ती, पेंढा भरलेला एक बिबट्या, त्याचाही एक डोळा गेलेला, अन् फुलचंद चौकीदार. लोक जास्त करून फुलचंदलेच पाहत, कारण तो स्टुलावर बसल्या बसल्या उभ्या माणसासारखा ताठ झोपे.

तिथं मुंबईहून एक मॅडम आली. कलाकार म्हणे. केस बारीक कापलेले, पायात गडीमाणसाचे बूट, पण बोलाले गोड. मी म्युझियमच्या भिंतीवर बाहेरून हलतं चित्र दाखवणार आहे, असं म्हणाली. मी इचारलं, ‘आतून दाखोता येत नाई का? बाहेर थंडी हाय.’ ती नुसतीच हसली. आमच्या गझालाचे अब्बा माइक अन् जनरेटर भाड्यानं देतात, म्हणून ती आमच्या घरी आलती. गझालाचे अब्बा म्हणजे बशीर. मी त्याइचं नाव घेत नसते, पण तुमाले कळावं म्हणून घेतलं. तौबा.

मॅडम म्हणे, ‘मला कापूस वेचणाऱ्या बाईचा चेहरा हवाय. रडणारा नको.’ हे ऐकलं अन् मी इरघळली. रडणारा नको म्हणणारी पहिलीच भेटली होती. मी म्हणलं, चला, अशी बाई दाखोते की तुमचा कॅमेराच रडंन.

वावरात धनीनं तिले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. मॅडमनं समजावलं. काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. डोक्यावरची ओढणी मागे घ्यायची अन् वीस मिनिटं कॅमेऱ्याकडे पाहायचं. बस. धनी मले बाजूले घेऊन म्हणे, ‘हे चित्र गडीमाणसं पाहतीन का?’ मी मॅडमले इचारलं. ती म्हणे, ‘सगळे पाहतील, सगळा गाव.’ धनीनं लगेच टुकरी ओढली. मी म्हणलं, थांब वं, नीट इचारू दे. अन् मी इचारलं, ‘मॅडम, पडदा असंल का?’

‘अहो, पडदा म्हणजे काय! एवढा मोठा पडदा तुमच्या जिल्ह्यात कोणी पाहिला नसेल. म्युझियमची अख्खी भिंत!’

मी धनीले सांगतलं, ‘भिंतीएवढा पडदा लावणार हाय. आता कायले भेतं?’

आता तुम्ही म्हणान, रहमतबी, तू टॉकीजमधी कधी गेली नाई का? गेली नं! दर ईदले जाते. टॉकीजचा पडदा मले माहीत हाय. पण बाईच्या तोंडाची गोष्ट निघाली की पडदा म्हणजे पडदा. आमच्या शादीत बाया अन् माणसं यांच्या मधात कनात बांधतात, तशी एक मोठी कनात माझ्या डोळ्यासमोर आली. माणसं कनातीच्या अलीकडं, बाया पलीकडं, बाया चित्र पाहतीन. माझ्या हिशोबानं हा भलता चांगला इंतजाम होता. धनीले तं त्याहून पटला. तिनं टुकरी मागं घेतली.

वीस मिनिटं गप्प बसणं हे त्या बाईनं आयुष्यात केलेलं सर्वात कठीण काम. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या वावरात वेताच्या मोढ्यावर बसली. पाच मिनिटात तिचे ओठ थरथराले लागले. दहाव्या मिनिटाले तिच्या नाकावर माशी बसली. मॅडम हातानं खूण करे, हलू नका, हलू नका! धनीनं माशीकडं असं डोळे तिरपे करून पाह्यलं की मले वाटलं माशीच जळून जाईन. वीस मिनिटं झाली अन् तिनं माशीले, मॅडमले अन् मले एका दमात जे ऐकोलं ते मी इथं सांगत नाई.

जानेवारीत कार्यक्रम ठरला. गझालाच्या अब्बानं ऑटोले भोंगा बांधून गावोगाव पुकारा केला, ‘आज संध्याकाळी सात वाजता म्युझियमवर भव्य व्हिडिओ!’ आता आमच्याकडं व्हिडिओ म्हणजे काय? भाड्याचा टीव्ही आणायचा अन् रातभर तीन पिच्चर पाहायचे. मोहतांड्याचे लोक तीन ट्रॅक्टर भरून आले. बोऱ्या, गोधड्या, भुईमुगाच्या शेंगा, लेकरं. गावातलेही तसेच. चार-पाचशे माणूस झालं. मॅडमचे डोळे भरून आले. म्हणे, ‘मुंबईत माझ्या कामाला तीस लोक येतात.’ त्यात सात ते दहा आमच्या दिग्रसची लाइट जायची येळ. साऱ्या गावात अंधार. मॅडमले वाटलं हेही नगरपालिकेचंच सहकार्य.

बाया डाव्या बाजूले, माणसं उजव्या. धनी माझ्यापाशी बसली, घुंगट हनुवटीखाली, कारण समोर दहा हातांवर लालसिंग होता. ती हळूच म्हणे, ‘पडदा कुठी हाय?’ मी इकडंतिकडं पाह्यलं. कनात दिसे ना, बांबू दिसे ना. म्हणलं, ‘लावतीन. एवढा मोठा हाय, सर्वात शेवटी लावतीन.’

जनरेटर धडधडला अन् भिंत उजळली.

याडी ये, माय वं! तीस फूट धनी! कपाळ छपराले टेकलेलं, हनुवटी दाराच्या पायरीवर. नाकातली भुरिया बैलगाडीच्या चाकाएवढी. घुंगट नाई, टुकरी मागं. सारं तोंड उघडं.

धनीनं माझं मनगट असं धरलं की माझ्याच चार चुड्या फुटल्या. ‘पडदा कुठी हाय, रहमत? पडदा कुठी हाय?’

तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. मी म्हणलं, ‘धनी, ही भिंतच पडदा हाय वं.’

त्याच येळी आत फुलचंद जागा झाला. बाहेर कायचा उजेड पडला म्हणून त्यानं वरची खिडकी उघडली, अन् धनीच्या डाव्या नाकपुडीतून त्याचं मुंडकं बाहेर आलं. सारा जमाव हसून लोळला. धनी उठून पळाली. मले वाटलं ट्रॅक्टरकडं जाते, तं ती गेली सरळ भिंतीवर चित्र फेकणाऱ्या मशीनकडं.

माणसाइच्या बाजूले काय झालं ते मले मागून प्रेमसिंगनं रोज चार-चार शब्द करून सांगतलं. ते चित्र पाहून सारा तांडा ‘धनीबाई, धनीबाई’ करून राह्यला होता. एकट्या लालसिंगले ओळखू आली नाई. कशी येईन? चौतीस वर्षांत त्यानं तिचं तोंडच पाह्यलं नव्हतं! तो पाहतच राह्यला. हसण्याच्या गोंगाटात त्याले नाव ऐकू आलं नसंन. त्यानं भावाले इचारलं, ‘कोणाची बाई हाय रे ही?’ प्रेमसिंगचे दिवसाचे चार शब्द कवाच संपले होते. लालसिंगनं पुन्हा इचारलं. मंग प्रेमसिंग म्हणाला, ‘आपल्याच घरची.’

लालसिंग बसल्या जागी गर्रकन फिरला अन् एसटी स्टँडकडं तोंड करून बसला. नायक फिरला म्हणल्यावर तांड्यातले धनीच्या जेठ-सासऱ्याच्या पायरीचे सारे माणसं फिरले. ते फिरले म्हणून पोट्टे फिरले. तांडा फिरला तं गाववाल्याइले वाटलं, खरा व्हिडिओ तिकडं हाय. तेही फिरले. पाहुणे म्हणून आलेले पुढारी खुर्चीसकट फिरले. पाचशे माणसं स्टँडकडं पाहून राह्यली, अन् स्टँडवर एक पुसदची गाडी बंद पडून उभी होती. मॅडम धावत आली. ‘काय झालं? का पाठ फिरवली?’ पेपरवाला वहीत लिहून राह्यला होता.

इकडं धनीनं मशीनसमोर दोन्ही हात वर करून टुकरी धरली. भिंतीवर त्या चेहऱ्यावर टुकरीची सावली पडली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आपल्याच तोंडाले ती घुंगट घालून राह्यली होती. मॅडम चित्र सोडून तिच्याकडं पाहाले लागली अन् ओरडली, ‘वा! वा!’ मी म्हणलं, वा कायची, बंद करा ते! पण मॅडमले जनरेटरच्या आवाजात ऐकू जाई ना, अन् आमच्या गझालाच्या अब्बाले तं घरीही ऐकू जात नाई.

वीस मिनिटं धनी तशी उभी होती. चित्र संपलं, तिनं हात खाली घेतले, अन् चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ते तसंच होतं म्हणे, संपलं की आपोआप पुन्हा लागायचं. धनीनं पुन्हा हात वर केले. तिच्या तोंडावर घाम होता अन् डोळ्यात पाणी. म्हणे, ‘रहमत, जा. त्याइले इचार, पाह्यलं का म्हणा.’

त्या दिवशी म्हैस मी होती. मी लालसिंगपाशी गेली. साऱ्याचं मूळ मी, माझ्या एका शब्दानं त्या बाईची चौतीस वर्षं जाणार होती. मी म्हणलं, ‘नायक, ती इचारते, पाह्यलं का?’

लालसिंग स्टँडकडं पाहतच बोलला. ‘पाह्यलं. खोटं कायले बोलू? पण तवा ती मले अनोळखी बाई होती. आपल्या घरची हाय हे समजलं अन् मी पाठ केली. घरच्या बाईले मी आजही पाह्यलं नाई. सांग तिले, पंचात बसोलं तरी हेच सांगीन.’

मी धावत जाऊन सांगतलं. धनीचे हात आपोआप खाली आले. ती मशीनपाशीच मातीत बसली अन् टुकरीत तोंड घालून रडली. मीही रडली. माफी मागाले गेली तं तिनं माझ्या पाठीत एक बुक्का हाणला, मंग मले बरं वाटलं.

तेवढ्यात लालसिंगनं मले हाक मारली. ‘तिनं सोता पाह्यलं का?’

मले तं ते सुचलंच नव्हतं. साऱ्या दिग्रसनं धनी पाह्यली होती, धनीनं पाह्यली नव्हती. ती सारा येळ भिंतीकडं पाठ करून मशीनशी झगडून राह्यली होती. ‘नाई,’ मी म्हणलं.

लालसिंग उभा राह्यला. मागं न वळता त्यानं आवाज देला, ‘एकही माणूस फिरणार नाई. तिले पाहू द्या.’

कोणी फिरलं नाई. पुढारीही नाई. मी धनीले धरून भिंतीसमोर आणलं. तिनं मागं पाह्यलं, साऱ्याइच्या पाठी दिसल्या. मंग तिनं घुंगट वर केला अन् मान उंच करून पाहाले लागली. अंगभर काचा होत्या तिच्या, पण एकीतही बोटाच्या नखापेक्षा जास्त तोंड मावत नव्हतं. माशी आली तवा तिनं आपल्या नाकावर हात मारला. मंग गालाले हात लावला. ‘माय वं! एवढी बुढी कवा झाली मी?’ अन् थोड्या येळानं हळूच, ‘वाईट नाई दिसत नं?’

‘नाई वं,’ मी म्हणलं. ‘चांगली दिसतं.’

चित्र संपलं. भिंतीवर अंधार झाला. माणसाइचे दात वाजून राह्यले होते. लालसिंगनं पाठमोऱ्यानंच इचारलं, ‘झालं का?’

धनीनं माझा पदर ओढला. ‘सांग त्याइले, अजून एक बार.’

मी ओरडून सांगतलं. माणसाइच्या बाजूनं कुरकुर उठली, कोणी म्हणे थंडी हाय, कोणी म्हणे ट्रॅक्टर लावा. लालसिंगनं फेटा कानावर ओढून घेतला अन् खाली बसला. ‘बसा चूप! चौतीस वर्षं ती आपल्यासाठी तोंड झाकून राह्यली. आपण घंटाभर पाठ करून बसलो तं काय थंडीनं मरतो?’

अन् पाचशे माणसं पुसदच्या बंद गाडीकडं तोंड करून पुन्हा बसली.